शाळेच्या लेव्हीला 'हो' म्हणावं की 'नाही'? ओहायोतल्या जुन्याजाणत्यांनी सांगा

मृणाल_ओहायो

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली, आता नोव्हेंबरात माझं इथलं पहिलं मतदान. सॅम्पल बॅलट (नमुना मतपत्रिका) काढून पाहिलं. स्कूल बोर्डाच्या जागा आहेत आणि त्याखाली कराचे दोन प्रश्न. एक शाळेसाठी ६ मिलची नवी लेव्ही (लेव्ही म्हणजे मतदारांनी मंजूर करायचा घरपट्टीतला जादा कर, मिल हे त्याच्या दराचं माप), दुसरी बागा आणि मैदानांसाठी १ मिलची.

शाळेच्या प्रश्नात लिहिलंय की हा कर 'कंटिन्युइंग पिरियड ऑफ टाइम'साठी आहे, म्हणजे मुदतच नाही. काउंटीच्या ऑडिटरने, म्हणजे करासाठी घरांच्या किमती ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, लावलेल्या घराच्या किमतीवर दर १ लाख डॉलरमागे वर्षाला २१० डॉलर. आमच्या घराची किंमत ४ लाख लावली आहे, म्हणजे वर्षाचे ८४०, महिन्याचे ७०. आमची चूल त्याने विझणार नाही, पण गेल्या दोन वर्षांत घराचा विमा आणि किराणा कुठल्या कुठे गेलाय, त्यामुळे सहज सोडून द्यावी अशी रक्कमही नाही.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं साधं आहे. गेल्या पुनर्मूल्यांकनात घराची किंमत जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढवली. किंमत वाढली म्हणजे शाळेलाही तीस टक्के जास्त मिळाले असणार. मग लगेच पुन्हा मागायला का आले? मला याचं उत्तर देता आलं नाही. आणि शाळेच्या पत्रकात नुसते हसऱ्या मुलांचे फोटो आणि 'आपल्या मुलांसाठी' एवढंच. त्यातूनही कळलं नाही.

मुलगी चौथीत आहे, शाळेच्या बसने जाते. शाळेवर माझा राग नाही, उलट तिथल्या शिक्षकांनी तिला इंग्रजीत बोलतं केलं ते मी विसरणार नाही. पण म्हणून डोळे झाकून 'हो' म्हणायचं का? आपल्याकडे घरपट्टी वाढली की पेपरात बातमी यायची, चार दिवस आरडाओरडा व्हायचा आणि मग सगळे बिल भरून मोकळे. आम्हाला कधी कुणी विचारलं नव्हतं. इथे विचारतायत, तर समजून उत्तर द्यावं असं फार वाटतंय. काय बघायचं, कुठे बघायचं, सांगाल का?

उषा_डेटन

मृणाल, पहिल्या मतदानासाठी मनापासून शुभेच्छा. तुझ्या नवऱ्याने विचारलेला प्रश्न मी कितीतरी दारांवर ऐकलाय. आमच्या गावच्या लेव्ही कमिटीत, म्हणजे लेव्हीच्या बाजूने प्रचार करणाऱ्या गटात, मी बरीच वर्षं काम केलं. फोल्डर घेऊन घरोघरी जायचं आणि बेल वाजवायची. दार उघडलं की पहिलं वाक्य बहुतेक हेच: "किंमत वाढवलीत ना, मग आता काय?"

तर ऐक. १९७६ साली ओहायोच्या विधिमंडळाने हाउस बिल ९२० मंजूर केलं. त्या काळात महागाईने घरांच्या किमती भराभर चढत होत्या आणि त्यांच्यामागोमाग कराची बिलंही. त्यावर उपाय म्हणून ठरलं की लोकांनी मत देऊन मंजूर केलेली लेव्ही जुन्या घरांकडून जेवढे डॉलर आणते, तेवढेच पुढेही आणेल. घरांच्या किमती वाढल्या की राज्य सरकार लागू होणारा दर त्याच प्रमाणात खाली आणतं. समजा तुमच्या भागातल्या सगळ्या किमती ३० टक्क्यांनी वाढल्या, तर ६ मिलची जुनी लेव्ही प्रत्यक्षात साधारण ४.६ मिलची होते. कागदावर ६, वसुली ४.६ने. नवी घरं बांधली गेली तर त्यांचा कर वर मिळतो, पण जुन्या घरांमागची रक्कम तिथेच गोठते. दहा वर्षांपूर्वी लोकांनी शाळेला जेवढे डॉलर मंजूर केले, तेवढेच आजही येतात. शिक्षकांचे पगार, त्यांचा आरोग्यविमा, बसचं डिझेल यांना असा कुठलाही कायदा बांधून ठेवत नाही. म्हणून इथल्या शाळा दर काही वर्षांनी लोकांसमोर येतात. त्यांना यावंच लागतं.

आता यातली दुसरी बाजू, जी लेव्ही कमिटीतले लोक दारावर सांगायचं टाळतात. मी सांगायची. राज्यघटनेने मतदानाशिवाय लावता येतील असे १० मिल ठेवले आहेत, 'इनसाइड मिल्स' म्हणतात ते. ते शाळा, काउंटी, टाउनशिप यांच्यात वाटलेले असतात आणि त्यांचा दर खाली आणत नसत, त्यामुळे २०२५पर्यंत किंमत वाढली की ते डॉलर वाढायचे. शिवाय शाळेच्या चालू खर्चाच्या दराला २० मिलची तळरेषा आहे. दर घसरत घसरत २०वर आला की त्याखाली जात नाही. तुमचा शाळा-डिस्ट्रिक्ट त्या तळरेषेवर बसलेला असेल, तर गेल्या पुनर्मूल्यांकनात शाळेला खरोखरच जास्त पैसे मिळाले असतील आणि तुझ्या नवऱ्याचं म्हणणं बरंचसं बरोबर ठरतं. नसेल, तर नाही. तेव्हा आधी हे शोध. काउंटी ऑडिटरच्या वेबसाइटवर तुमच्या घराचा पत्ता टाक, गेल्या वर्षीचा आणि यंदाचा कर कुणाकुणाकडे किती गेला ते ओळीओळीने दिसेल. शाळेची ओळ किती हलली ते बघ.

२१० डॉलर कुठून आले तेही सांगून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी तूच हिशेब करशील. मिल म्हणजे डॉलरचा हजारावा भाग. पण कर पूर्ण किमतीवर नाही, किमतीच्या ३५ टक्क्यांवर लागतो. १ लाखाच्या घराचे करपात्र झाले ३५ हजार, त्यावर १ मिल म्हणजे ३५ डॉलर, ६ मिल म्हणजे २१०. पूर्वी बॅलटवर हा आकडा असा सरळ येत नसे. आता ऑडिटरच्या किमतीच्या लाखामागे किती ते छापावं लागतं, हे फार बरं झालं.

मग लेव्ही कोणत्या जातीची आहे ते बघ. तुमची 'ॲडिशनल' आहे, म्हणजे नवा बोजा. 'रिन्यूअल' असती तर आत्ता भरताय तेच पुढे चालू राहिलं असतं, आणि ती पडली असती तर शाळेच्या हातातले आत्ताचे पैसे गेले असते. लोक रिन्यूअललाही नवा कर समजून 'नाही' करतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. पैसा कशाला बांधलाय तेही बघायचं. ऑपरेटिंग लेव्ही म्हणजे रोजचा खर्च, त्यातला सगळ्यात मोठा भाग पगारांचा. 'पर्मनंट इम्प्रूव्हमेंट'चा पैसा छप्पर, बॉयलर, बस अशा टिकाऊ गोष्टींनाच लावता येतो, त्यातून पगार देता येत नाहीत. इमारतीसाठी बॉण्ड (कर्जरोखा) वेगळा. त्यामुळे "नवं स्टेडियम बांधायला पैसे आहेत आणि शिक्षकांना नाहीत?" असं कुणी म्हणालं, तर दोन वेगळ्या खिशांची गोष्ट चालली असण्याची शक्यता असते.

शेवटी, पडली तर काय होतं. आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. राजधानी कोलंबसच्या नैर्ऋत्येला ग्रोव्ह सिटीचा साउथ-वेस्टर्न डिस्ट्रिक्ट. ऑगस्ट २००९ मध्ये त्यांची लेव्ही पडली आणि त्या शरद ऋतूत सगळे खेळ, बँड, क्लब बंद. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या गावात शुक्रवारी रात्री मैदान अंधारात. नोव्हेंबरात लेव्ही पुन्हा आली आणि मंजूर झाली, पण त्या वर्षी बारावीत असलेल्या मुलांचा हंगाम गेला तो गेलाच.

आमच्या गावात पडली तेव्हा बस गेल्या. राज्याचा कायदा असा की आठवीपर्यंतच्या, शाळेपासून दोन मैलांपलीकडे राहणाऱ्या मुलांना बस द्यावीच लागते. हायस्कूलला नाही दिली तरी चालते. तेव्हा ती सगळ्यात आधी कापतात. त्या हिवाळ्यात सकाळी कामाला जाताना मला एक मुलगी रोज दिसायची. आमच्या रस्त्याला पदपथ नाही, नुसता गवताचा उतार आणि त्यापलीकडे चर. सातच्या आधी पूर्ण काळोख. पाठीवर दप्तर, हातात चेलोची पेटी, आणि गाडीचे दिवे दिसले की ती उतारावर सरकून पेटी छातीशी धरून उभी राहायची, गाडी गेली की पुन्हा रस्त्यावर. मी एकदा थांबून सोडू का विचारलं, ती नको म्हणाली. अनोळखी गाडीत बसू नये हे शिकवलेलं, ते बरोबरच होतं. तिच्या आईवडिलांनी कसं मत दिलं होतं ते मला माहीत नाही. पण आमच्या गल्लीत 'नाही'च्या पाट्या लावणाऱ्यांपैकी कुणालाच हायस्कूलची बस जाईल हे माहीत नव्हतं, आणि ते त्यांना आधी स्पष्ट सांगणं हे डिस्ट्रिक्टचं काम होतं. तुझ्या डिस्ट्रिक्टला विचार: पडली तर नेमकं काय जाणार? यादी लेखी मागून घे.

नाना_टोलेडो

उषाताईंनी चांगलं समजावलं. माझं मत 'नाही'च असतं आणि का ते सांगतो, कारण अशा धाग्यांवर 'नाही' म्हणणारा माणूस कंजूष किंवा मुलांच्या वाईटावर असतो असं गृहीत धरतात.

मी निवृत्त आहे. घर कर्जमुक्त आहे, म्हणजे माझ्याकडे जे काही आहे ते त्या चार भिंतींत आहे. घराची किंमत वाढली तर त्याने माझ्या हातात एक डॉलर येत नाही, घर विकेन तेव्हा येईल. पगार असता तर तो वाढला असता. पेन्शन आहे तिथेच आहे. ज्याची मिळकत घरापेक्षा पगारात जास्त आहे त्याला हा कर हलका जातो आणि माझ्यासारख्याला जड. हा दोष शिक्षकांचा नाही, मला ठाऊक आहे. दोष शाळांचा भार घरांवर टाकण्याचा आहे.

आणि हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. पेरी काउंटीतल्या शाळांच्या दुरवस्थेवरून 'डीरॉल्फ विरुद्ध राज्य' हा खटला उभा राहिला. १९९७ साली ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घरपट्टीवर एवढं अवलंबून असलेली शाळांच्या पैशाची पद्धत राज्याच्या घटनेत बसत नाही. त्यानंतरही न्यायालयाने पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. पद्धत थोडीफार बदलली, पण लेव्हीसाठी दारोदार फिरणं काही थांबलं नाही.

मृणालताई, एक साधा हिशेब करा. ज्या डिस्ट्रिक्टची करपात्र मालमत्ता १०० कोटी डॉलरची आहे, तिथे १ मिल म्हणजे १० लाख डॉलर. जिथे ती १० कोटीची आहे, तिथे तोच १ मिल म्हणजे १ लाख. मुलं दोन्हीकडे सारखीच धरा. दोन्हीकडच्या मतदारांनी तेवढाच त्याग केला, पण मुलांच्या वाट्याला दहावा हिस्सा आला. गरीब गावाने दहा वेळा 'हो' म्हटलं तेव्हा कुठे श्रीमंत उपनगराच्या एका 'हो'ची बरोबरी होते. प्रत्येक 'हो'ने कोलंबसमधल्या आमदारांना सांगितलं जातं की चाललंय तसं चालू द्या. म्हणून मी 'नाही' म्हणतो, आणि दर वेळी माझ्या आमदाराला पत्र लिहून का ते कळवतो. नुसतं 'नाही' म्हणून घरी बसणारा मी नाही.

उषा_डेटन

नाना, न्यायालयाबद्दल तुमचा शब्दन्शब्द मान्य. पण आमदारांना निरोप पोचेपर्यंत चौथीतली मुलगी दहावीत जाते, तिचं काय? आमदाराला पत्र लिहायचं आणि 'हो'ही म्हणायचं, असं मी करते.

आणि एक, हे तुम्हाला माहीत असेलच पण वाचणाऱ्या इतरांसाठी. ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या आणि कायमचं, पूर्ण अपंगत्व असलेल्या घरमालकांना, उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तर, होमस्टेड एक्झम्प्शन मिळतं. घराच्या किमतीचा काही भाग करातून वगळतात. अर्ज काउंटी ऑडिटरकडे करावा लागतो, आपोआप मिळत नाही. पात्र असूनही न घेतलेले कितीतरी लोक मला दारावर भेटले. अर्ज तिथल्या तिथे हातात द्यायला म्हणून मी फोल्डरमध्ये कोरे फॉर्म ठेवायची.

केदार_कोलोरॅडो

ओहायोचं गणित माझ्या डोक्यावरून गेलं, पण 'नाही' म्हटल्यावर गाव कसं दिसतं ते मी कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये पाहिलंय, म्हणून लिहितो.

आमच्या राज्यात १९९२पासून टॅबोर, म्हणजे करदात्यांच्या हक्कांची घटनादुरुस्ती, आहे. कुठलाही कर वाढवायचा तर मतदारांची परवानगी लागते, आणि प्रश्नाची सुरुवातच मोठ्या अक्षरांत कर इतक्या डॉलरनी वाढवावा का अशी करावी लागते. फायदा नंतर, रक्कम आधी. मतदानापूर्वी घरी एक वही येते, तिच्यात बाजूची आणि विरोधाची टिपणं समोरासमोर छापलेली असतात. ती वाचायची सवय मला इथेच लागली.

नोव्हेंबर २००९ मध्ये शहराने घरपट्टी वाढवायला मागितली, लोकांनी फेटाळली. मंदीत विक्रीकर आटलेला, आणि शहर चालायचं मुख्यतः त्यावर. २०१०च्या सुरुवातीला रस्त्यावरचे साधारण एक तृतीयांश दिवे बंद केले. बागांमधल्या कचऱ्याच्या पेट्या उचलल्या, हिरवळीला पाणी द्यायचं थांबवलं, पोलिसांची हेलिकॉप्टरं विकायला काढली. आपल्या घरासमोरचा दिवा हवा असेल तर स्वतः पैसे भरून लावून घ्या अशी सोय केली. ज्यांनी भरले त्यांच्या दारात उजेड, शेजारी अंधार. दिवे बंद म्हणून तारांत वीज नाही, आणि वीज नाही म्हणून चोरांनी तांब्याच्या ताराच काढून नेल्या. त्या परत घालायचा खर्च दिव्यांतून वाचलेल्या पैशांवर पाणी फिरवून गेला.

पण याच शहराने २०१५ साली रस्त्यांसाठी ०.६२ टक्के विक्रीकर मंजूर केला, तोही चांगल्या मताधिक्याने. तो पैसा फक्त रस्त्यांनाच, पाच वर्षांची मुदत, मुदत संपली की पुन्हा विचारायचं. लोकांना खड्डे दिसत होते आणि मग डांबर पडतानाही दिसलं. २०१९ मध्ये दर थोडा कमी करून पुन्हा विचारलं, तेव्हाही 'हो' आलं. लोक तेच, शहर तेच. माझ्या मते फरक पडला तो मुदतीने आणि बांधून घेतलेल्या पैशाने. मृणाल, तुझ्या लेव्हीला मुदत नाही हे मला खटकलं, ते मी आधी विचारेन.

प्राची_बेएरिया

आमच्या कॅलिफोर्नियात तर साध्या बहुमतानेही भागत नाही. १९७८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३मुळे शहराने एखाद्या ठरावीक कामासाठी कर मागितला तर दोन तृतीयांश मतं लागतात. शंभरातले पासष्ट जण 'हो' म्हणाले तरी तो पडतो. शाळांच्या बॉण्डला २०००पासून ५५ टक्के केलंय तेवढंच. आणि घराची करपात्र किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनी वाढते, घर विकलं की बाजारभावाला येते. त्यामुळे आमच्या गल्लीत सारख्याच घरांचे कर काही पटींनी वेगळे आहेत. आम्ही नवे, आम्ही जास्त भरतो. तुमच्याकडे निदान शेजाऱ्याशी एका पातळीवर बोलता येतं.

मृणाल_ओहायो

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

ऑडिटरच्या साइटवर जाऊन दोन्ही वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघितली. आमचा डिस्ट्रिक्ट २०च्या तळरेषेवर नाही, बराच वर आहे. शाळेच्या मंजूर लेव्हींची रक्कम किरकोळ हललीय, ती का हलली तेही समजलं: आमच्या घराची किंमत गावाच्या सरासरीपेक्षा जास्त वाढली, म्हणून आमच्या वाट्याला थोडं जास्त आलं. बिलातली वाढ आली ती मुख्यतः इनसाइड मिल्समधून आणि काउंटीच्या एका नव्या लेव्हीतून, जी मी नागरिक नव्हते तेव्हा मंजूर झाली. नवऱ्याला लॅपटॉपवर दाखवलं. त्याने स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन ताळा केला, आणि किमतीचा मुद्दा सोडून दिला.

मग शाळेच्या लायब्ररीत सभा होती तिथे गेले. डिस्ट्रिक्टच्या ट्रेझरर (खजिनदार) आल्या होत्या. केदारदादा, तुमचा मुदतीचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या की लेव्ही कायमची ठेवली कारण पगार कायमचे असतात, मुदतीची असती तर दर काही वर्षांनी रिन्यूअलसाठी यावं लागलं असतं आणि एखादं पडलं असतं तर चालू वर्गच बंद करावे लागले असते. मला ते पटलं, पूर्ण नाही पण पटलं. पुन्हा कधी मागाल विचारलं तर चार वर्षं पुरवायचा प्रयत्न आहे म्हणाल्या, आणि त्यांचा अंदाजाचा तक्ता पडद्यावर लावून कोणत्या वर्षी शिल्लक शून्याखाली जाते ते बोट ठेवून दाखवलं. उषाताई, 'पडली तर काय' याची यादी मागितली. हायस्कूलची बस तिच्यात पहिलीच आहे, आणि प्राथमिक शाळांतले वाचनाला मदत करणारे शिक्षक दुसरे. माझी मुलगी पहिलीत असताना अशाच एका बाईंसमोर रोज अर्धा तास बसून वाचायला शिकली होती. यादी पत्रकात का नाही छापली असं मी विचारलं, तेव्हा बोर्डाचे एक सदस्य म्हणाले की ते धमकी दिल्यासारखं वाटतं. मी उभी राहून सांगितलं की मला ती माहिती वाटते आणि ती प्रत्येक घरात जायला हवी. पुढच्या पत्रकात घालू म्हणाले आहेत.

शाळेला 'हो' देणार. बागांच्या लेव्हीला यंदा 'नाही', कारण त्यांच्याकडे नव्या मैदानांचं चित्र आहे पण आहेत ती मैदानं राखायला किती लागतात याचं उत्तर त्यांच्या पानावर कुठेच नाही, आणि फोन केला तर तेही मिळालं नाही. दिलं तर पुढच्या वेळी बघू. नवरा अजून शाळेच्या बाबतीतही कुंपणावर आहे. त्याला नानांचा १० कोटी आणि १०० कोटींचा हिशेब लागलाय, रात्री जेवताना तोच विषय. आमदाराला पत्र लिहायचं ठरलंय. नाना, तुम्ही पत्रात नेमकं काय मागता? नुसतं 'पद्धत बदला' लिहून कुणी वाचेल असं वाटत नाही.

नाना_टोलेडो

मृणालताई, मी दोन गोष्टी मागतो. एक, राज्याच्या शाळा-निधीच्या सूत्रात शिक्षकांच्या पगाराचा खर्च जुन्या वर्षाचा न धरता चालू धरा, म्हणजे राज्याचा वाटा खरा निघेल. दोन, घरपट्टीला घरातल्या उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांवर कात्री लावा आणि त्यापुढचा भाग राज्याने भरा, म्हणजे म्हातारी माणसंही सुटतील आणि शाळेचेही पैसे बुडणार नाहीत. पत्र एका पानाचं ठेवा. तुमच्या डिस्ट्रिक्टचं नाव, तुमचे ८४० डॉलर आणि ती यादी त्यात घाला. बिलाची प्रत जोडा. आणि तुम्ही 'हो' मत दिलंय हेही लिहा. 'नाही' म्हणणाऱ्यांची पत्रं त्यांना बरीच जात असतील, 'हो' म्हणून तक्रार करणाऱ्याचं पत्र ते जास्त नीट वाचतील.